लाईट गेल्यावर तुमचा उपचार थांबतो का?

ज्यांच्या घरात कुणाला लकवा मारून अजून तीन महिने झालेले नाहीत, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा दिवाळीनंतरचं ठरलंय, कुणाचं बाळ वर्षाचं होत आलं तरी बसत नाही, त्यांनी हे आवाहन आजच वाचावं. बाकीच्यांनी सवडीने वाचलं तरी चालेल. कंबर आणि मान आज ना उद्या सगळ्यांचीच धरते.

मागणं एकच आहे. उद्या फिजिओथेरपीला जाल तेव्हा दारात चप्पल काढता काढता तिथल्या फिजिओला विचारा, "ताई, या तासाला तुमच्या हातात किती पेशंट आहेत?" भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न मला वेळेवर कुणी विचारला असता तर माझ्या हातून काही माणसांचं नुकसान टळलं असतं, म्हणून तुम्हाला विचारायला सांगतेय.

गोष्ट धुळ्याची. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण तो काही जगावेगळा दवाखाना नव्हता. हिरवे पडदे लावून केलेले सहा कप्पे, प्रत्येकात एक पलंग आणि एक मशीन. मशीनची वेळ संपली की ती टीं-टीं करते. माझा दिवस त्या टीं-टींवर चालायचा. पहिल्या पडद्याआड शेक संपला, पळा. तिसऱ्यात करंट संपला, पळा. पाचव्यात एका बाईंच्या कमरेला वजन लावलंय, ते काढायचं राहिलं, पळा. मधल्या वेळात प्रत्येकाला एक हसू आणि "कसं वाटतंय?" उत्तर ऐकायला मी थांबायचे नाही, थांबले तर पुढची टीं-टीं सुरू व्हायची.

त्यात शिरपूरकडचे एक आप्पा होते. उजवी बाजू गेलेली. मुलगा शेतातली फवारणी सोडून, पन्नासेक किलोमीटर एसटीने त्यांना घेऊन यायचा. येणं, जाणं, थांबणं धरून त्या दोघांचा अख्खा दिवस जायचा. मी आप्पांच्या हाताला करंटचे पॅड चिकटवायचे, वीस मिनिटांनी काढायचे, कोपर दहा वेळा वाकवायचे, खांदा जरा हलवायचे आणि म्हणायचे, "छान, उद्या या." एकदा मन खाऊ लागलं म्हणून मी घड्याळ लावून पाहिलं. माझे हात आप्पांच्या अंगाला लागले होते सात मिनिटं.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लाईट गेली. खान्देशात लाईट जायला काही नवस बोलावा लागत नाही. इन्व्हर्टरवर पंखे चालायचे, मशीन नाही. सहाही पडद्यांआडची माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्याकडे करायला काही उरलंच नाही. मग मी आप्पांना उभं केलं. समोर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, माझा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला आणि म्हटलं, "आप्पा, बसा. आता उठा." धोतराचा सोगा सावरत ते उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. बाविसाव्या खेपेला त्यांना दम लागला. थोडं पाणी पाजून मी त्यांना दारापर्यंत नेलं, उंबऱ्याशी पाय उचलायला लावला. चाळीस मिनिटं गेली. त्यांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आसं रोज करा ना."

तेवढ्यात लाईट आली. सगळ्या मशीन एकदम ओरडल्या. आतून विचारणा झाली, बाकीचे पेशंट का लटकलेत? मी आप्पांना पुन्हा पलंगावर झोपवलं आणि पॅड चिकटवले.

त्या दिवसापासून कुठल्याही फिजिओथेरपी सेंटरची पारख मी एवढ्यावरूनच करते. लाईट गेल्यावर तिथला उपचार थांबत असेल, तर तिथे तुमच्यावर उपचार कोण करतंय ते समजून जा.

मशीन वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर माझेच व्यवसायबंधू माझ्यावर धावून येतील. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, व्यायामाआधी घटकाभर बरं वाटतं. लकव्यात पाऊल लोंबत असेल तर विजेच्या उत्तेजनाला रास्त जागा आहे. पण कंबरदुखीचं पाहा. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस नावाची संस्था आहे. तिने 2016 साली साफ लिहून ठेवलं: कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड देऊ नका, टेन्स आणि आयएफटीचा करंट देऊ नका, वजन लावू नका, पट्टा देऊ नका, माणसाला समजावून सांगा आणि व्यायाम करून घ्या. त्याच्या दोन वर्षं आधी, 2014 साली, अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने स्वतःच्याच सभासदांना बजावलं होतं की सांधे-स्नायूंच्या दुखण्यात टिकाऊ फायद्यासाठी शेकाच्या भरवशावर राहू नका. आता आपल्याकडे कंबर दुखते म्हणून गेलेल्या माणसाला पहिले दहा दिवस काय मिळतं ते आठवा. शेक, करंट, अल्ट्रासाऊंड, वजन. जे देऊ नका म्हणून सांगितलंय तेच आपल्याकडे पॅकेज म्हणून विकलं जातं.

का विकलं जातं? फिजिओला कळत नाही म्हणून नव्हे. साडेचार वर्षं शिकून, त्यातले सहा महिने इंटर्नशिप करून ही मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांना सगळं कळतं. कारण हिशेबात आहे, तो मांडून दाखवते.

सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ, असे आठ तास. मालकाचं टार्गेट दिवसाला बत्तीस पेशंट. म्हणजे डोकी धरून माणशी पंधरा मिनिटं. त्यातून नवीन पेशंटची तपासणी, रजिस्टर भरणं, फोन, पडदा लावणं, चादर बदलणं वजा करा. उरतात सात-आठ मिनिटं, म्हणजे आप्पांच्या वाट्याला आलेली तीच. पण पेशंटला दवाखान्यात पाऊण तास काढल्याशिवाय पैसे फिटल्यासारखे वाटत नाहीत. मग मधली पस्तीस-चाळीस मिनिटं कुणी भरायची? मशीनने. मशीनला पगार नाही, रजा नाही आणि ती एका वेळी सहाजणांना लावता येते. याला आमच्या धंद्यात 'प्रॉडक्टिव्हिटी' म्हणतात. महिनाअखेरीला मीटिंग होते, तुझे किती सिटिंग झाले, तिचे किती, ते वाचून दाखवलं जातं. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर दर सिटिंगमागे इन्सेंटिव्ह.

मोजण्याला माझा विरोध नाही. रिकामं बसून पगार घेणारेही मी पाहिलेत आणि सरकारी खात्यात सहीपुरते येणारेही. मोजा, जरूर मोजा. पण आप्पा एसटीची पायरी चढले का, ते मोजा. ऑपरेशन झालेल्या मावशींचा गुडघा पहिल्या आठवड्यात किती अंशात वाकत होता आणि चौथ्या आठवड्यात किती, ते मोजा. त्यासाठी प्लास्टिकचा एक साधा कोनमापक पुरतो, तो आमच्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. खांदा जखडलेल्या बाईचा हात मागे वेणीपर्यंत पोचला का, कळण्याची भाकरी थापता येते का, उकिडवं बसता येतं का. हे आकडे महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये कुणी वाचून दाखवलेले मी ऐकले नाहीत.

लकव्याच्या बाबतीत हा हिशेब सगळ्यात महाग पडतो. झटका आल्यावर पहिले काही आठवडे ते साधारण तीन महिने मेंदू जितक्या झपाट्याने नव्याने शिकतो, तितका पुढे शिकत नाही. पुढेही सुधारणा होते, आशा सोडायची नसते, पण सुगीचे दिवस तेच. आणि मेंदू शिकतो तो गिरवून, लहान पोर बाराखडी गिरवतं तसा. 2009 साली अमेरिका आणि कॅनडातल्या काही पुनर्वसन केंद्रांत संशोधकांनी बाजूला बसून अक्षरशः मोजलं, की एका सिटिंगमध्ये लकव्याच्या पेशंटचा हात उपयोगाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी आली 32. तीही ज्या सिटिंगमध्ये असा सराव झाला त्यांची. जवळपास निम्म्या सिटिंगमध्ये तो झालाच नव्हता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी खेपा लागतात. तिथली साधनं, तिथला पैसा असून बत्तीस. मी आप्पांचं कोपर दहा वेळा वाकवत होते, आणि वाकवत मी होते, आप्पा नव्हे. दुसऱ्याने हलवलेल्या हाताला गिरवणं म्हणत नाहीत.

दहा-दहाच्या सिटिंगची तीन पॅकेज झाली की लकव्याच्या घरातले पैसे संपतात, तीन महिनेही संपतात. मग घरचे म्हणतात, फिजिओथेरपी करून पाहिली, गुण आला नाही. त्यांना फिजिओथेरपी मिळालीच नव्हती, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते आता मी सांगतेय.

एक कार्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. पिवळं किंवा गुलाबी, दहा चौकोनांचं, प्रत्येक चौकोनात तारीख आणि पेशंटची सही. हे कार्ड नीट सांभाळा. माझ्या पाहण्यात असं झालंय, की सणामुळे चार दिवस न आलेल्या पेशंटकडून पाचव्या दिवशी पाचही सह्या घेतल्या गेल्या, "नाहीतर पॅकेज वाया जाईल" असं सांगून. पेशंटला वाटलं आपलाच फायदा. विम्याचा किंवा कंपनीचा पेशंट असेल तर त्याच सह्यांवर बिल जातं. कधी खाली फिजिओ म्हणून माझी सही असायची आणि त्या दिवशी मशीन लावलेली असायची साफसफाईच्या मावशींनी. त्या मावशींवर माझा राग नाही. त्या माझ्यापेक्षा मायेने लावायच्या. पण सही माझी होती आणि ती खोटी होती. ती सही मी नोकरी टिकवण्यासाठी केली. ती आठवण अजून जात नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांमध्ये फिजिओच्या पाळीतली किती टक्के मिनिटं बिलात धरता आली, यावर त्याची प्रॉडक्टिव्हिटी ठरते. सरकारी विम्याकडून सगळ्यात वरच्या दराचे पैसे मिळायला पेशंटला आठवड्याला 720 मिनिटांची थेरपी दाखवावी लागायची. झालं, पेशंट कसाही असो, मिनिटं 720 भरायला लागली. शेवटी काही कर्मचाऱ्यांनीच तक्रार केली आणि जानेवारी 2016 मध्ये रिहॅबकेअर या तिथल्या बड्या कंपनीने आणि तिच्या मालक कंपनीने प्रकरण मिटवायला साडेबारा कोटी डॉलर भरले. तिथल्या न्याय विभागाचा एक आरोप असा होता, की पेशंट झोपेत असताना, किंवा थेरपीचा उपयोग होण्याच्या पलीकडे गेलेला असतानाही थेरपी दिल्याची नोंद केली जात होती. कंपनीने दोष कबूल केला नाही, पैसे मात्र भरले. पुढे ऑक्टोबर 2019 मध्ये मिनिटांवर पैसे देण्याची ती पद्धतच सरकारने बंद केली, तर लगेच अनेक ठिकाणी थेरपिस्टांना कामावरून कमी केलं गेलं. मिनिटांना भाव होता तेव्हा मिनिटं वाढवली, भाव गेल्यावर माणसं कमी केली. पेशंटची गरज दोन्ही वेळा होती तेवढीच होती.

आपल्याकडे तक्रार करायला तसा बडा विमाही नाही. बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक घरं खिशातून करतात. शेतकरी तो कापसाच्या पट्टीतून करतो, केळीचे घड वाहणारा मजूर उचल घेऊन. म्हणून इथे हिशेब विचारणारे तुम्हीच.

मालकांचीही बाजू आहे, ती न सांगणं अन्यायाचं होईल. रिंग रोडवरच्या गाळ्याचं भाडं, लेसर किंवा शॉकवेव्हच्या मशीनचा हप्ता, आणि एक तिसरी गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असून कुणी उघड बोलत नाही: पेशंट पाठवणाऱ्याचा कट. शंभरातले तीस-चाळीस रुपये चिठ्ठी लिहिणाऱ्याला पोचवायचे असतील तर उरलेल्यात चाळीस मिनिटं कोण देईल? कट प्रॅक्टिस रोखायला 2017 साली राज्य सरकारने विधेयकाचा मसुदा तयार करून घेतला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. ज्या डॉक्टरांनी आजवर एक पैसा घेतला नाही असे डॉक्टर जळगावातही आहेत आणि धुळ्यातही, मी त्यांच्यासोबत काम केलंय. त्यांना माझी विनंती आहे की चिठ्ठीवर "आयएफटी, एसडब्ल्यूडी, दहा दिवस", म्हणजे नुसता करंट आणि शेक, असं लिहू नका. आजाराचं निदान लिहा, काय टाळायचं ते लिहा, आणि दहा दिवसांनी पेशंटला काय करता यायला हवं ते लिहा. कसं करायचं ते आमच्यावर सोडा, आणि नाही झालं तर आम्हाला जाब विचारा.

आता पुन्हा तुमच्याकडे येते.

पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते, 2002 च्या कायद्याने. नावामागे डॉक्टर लावायचं की नाही यावर सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीपासून गल्लीपर्यंत बराच धुरळा उडाला. मला विचाराल तर त्या दोन अक्षरांपेक्षा नोंदणीचा आकडा बघा. जो खरोखर नोंदणीकृत आहे त्याला हा प्रश्न टोचत नाही, तो भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतो. फ्रेममधलं नाव आणि तुमच्या अंगाला हात लावणारा माणूस एकच आहे ना, तेवढं पाहून घ्या. इंटर्न मुलगी असेल तर काही बिघडत नाही, शिकणाऱ्यांना पेशंट लागतातच. मात्र तिच्याजवळ उभं राहून बघणारं कुणी आहे का, ते विचारा. आणि बायाबापड्यांनो, पडदा लावून घ्या, सोबतीला घरचं माणूस हवं असेल तर हक्काने मागा, आणि कुठे हात लावणार हे आधी सांगायला लावा. त्याला लाजण्यासारखं काही नाही.

पैसे आगाऊ भरू नका. "दहाचं पॅकेज घेतलं तर दोन फुकट" म्हटलं की आपला हात लगेच खिशाकडे जातो, आपल्याला भाजीबाजाराची सवय आहे. पण पैसे भरून झाल्यावर तुमच्याकडे वेळ मागायला तोंड उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सात दिवस यावं लागतं. तीन दिवसांचे द्या, मग विचारा की काय फरक पडला, मोजून दाखवा.

पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मागा: तीन आठवड्यांनी मला काय करता येईल? "दुखणं कमी होईल" हे उत्तर घेऊ नका. "आधाराशिवाय संडासाला जाता येईल", "अर्धा तास शिवणयंत्रावर बसता येईल", असं काहीतरी हवं. तीन आठवड्यांनी तो कागद घेऊन बसा. जमलं नसेल तर का नाही, हे सांगणं फिजिओचं काम आहे. "गॅरंटी" देणाऱ्यापासून मात्र दूर राहा. तशीच "तुमचा मणका पार झिजलाय, आयुष्यभर यावं लागेल" अशी भीती घालणाऱ्यापासूनही. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही झिजलेलं निघतंच, डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखं. त्यातल्या कित्येकांची कंबर दुखत नसते.

घरी करायचे व्यायाम विचारा, आणि ते करा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही. आम्ही सात मिनिटं देतो हा आमचा गुन्हा, पण "व्यायाम नको मॅडम, तुम्ही मशीनच लावा, तेवढ्यासाठीच आलोय" असं सांगणारे पेशंटही मी रोज पाहते. रावेरकडचा केळीचे घड वाहणारा एक मजूर असाच अडून बसला होता. वीस मिनिटं समजावल्यावर त्याने घड उचलण्याची पद्धत बदलली, खांदा आलटून-पालटून वापरायला लागला, रोज दोनदा पाठीचे व्यायाम करायला लागला. तो माझ्याकडे तीनदाच आला. धंद्याच्या हिशेबाने सात सिटिंगचं नुकसान.

सही रोजची रोज करा. न आलेल्या दिवसाची करू नका, पुढच्या तारखेची तर अजिबात नाही. तुमच्या मोबाईलमध्ये त्या कार्डाचा फोटो असू द्या.

आणि फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. नोंदणी आणि वर्तनाबद्दलची तक्रार परिषदेकडे करता येते. पैशांची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग जळगावातही आहे, धुळ्यातही. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे शुल्क पडत नाही. खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयाने दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, असा राज्याचा नियम 2021 पासून आहे. ती दिसली नाही तर विचारा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयात उपचार घेत असाल तर सरकारी आहे म्हणून प्रश्न गिळू नका. तिथे गर्दी खरीच जास्त असते. पण एका फिजिओमागे किती पेशंट, हा आकडा लोकांनी विचारला तरच रिकाम्या जागा भरण्याची कुणाला घाई होईल.

माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनो, तुमच्याशी दोन शब्द बोलते. तुमची अडचण मला ठाऊक आहे. पगार एवढा, की घरचे विचारतात, यासाठी एवढी फी भरली का? नाही म्हणालात तर तुमच्या जागेवर उद्या दुसरी पोरगी उभी असते. 1953 साली मुंबईत केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, पोलिओच्या साथीनंतर. त्या पोरांचे पाय करंटच्या पॅडने उभे राहिले नाहीत, कुणीतरी तासन् तास धरून त्यांना उभं केलं. आपला धंदा त्यातून आला. टार्गेट एकट्याने नाकारता येत नसेल तर निदान रजिस्टरमध्ये खरी मिनिटं लिहा. दुसऱ्याने केलेल्या कामावर आपली सही करू नका. आणि पेशंट तुम्हाला "या तासाला किती?" असं विचारेल तेव्हा चिडू नका. तो तुमच्याच बाजूने विचारतोय. तोच प्रश्न दहा पेशंटांनी विचारला की तुम्हाला मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगता येईल, "सर, लोक विचारताहेत." तुमच्या नीतिमत्तेचं मालक ऐकणार नाही कदाचित, गिऱ्हाइकाचं ऐकतो.

दवाखान्याच्या मालकांनो, पाटीवर आणखी एक ओळ रंगवायला फार खर्च येत नाही. "येथे एक फिजिओथेरपिस्ट एका तासात जास्तीत जास्त इतके पेशंट पाहतो." आकडा तुमचा तुम्ही ठरवा. पाच लिहा, चार लिहा. लिहा मात्र.

मी लिहिलाय. गेल्या वर्षी माझ्या जळगावच्या छोट्या दवाखान्याच्या दारावर मी पाटी लावली: एका तासात तीन पेशंट. पहिल्या महिन्यात नेहमीचे काहीजण मोठी मशीन असलेल्या ठिकाणी निघून गेले. फी थोडी वाढवावी लागली, तीही काहींना परवडली नाही, त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी गटाने व्यायाम सुरू केले. हप्ता भागतो, कसाबसा.

मागच्या आठवड्यात पारोळ्याहून एक आक्का आल्या. सत्तरीच्या, एका हातात काठी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर. आत शिरल्या, खुर्चीत टेकल्या, चष्मा पुसला आणि आत बसलेली डोकी मोजली. मग पाटीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ताई, चार व्हई गयात."

मोजले तर खरंच चार होते. सगळ्यात शेवटी आलेल्या तरुणाला मी अर्ध्या तासाने यायला सांगितलं.